कान तुटलेला कप

माझ्या मुलीची दुधाची बाटली सुटली ती एका कान तुटलेल्या कपामुळे. कुणी विचारलं तर सासूबाई सांगतात, "वेळ आली, सुटली आपोआप." आपोआप काहीही सुटलं नाही. त्या एका कपावरून आमच्या घरात जे झालं ते मला पुसून टाकायचं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

आमची डहाणूला समुद्राच्या बाजूला चिकूची वाडी आहे. माझं माहेर वाणगावचं, मिरची आणि भाजीपाला करणाऱ्यांचं. २०१७ साली दिवाळीनंतर चिकूचा जोर सुरू झाला तेव्हा मला या घरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगी पावणेदोन वर्षांची होती. तिला बाटली म्हणजे जीव की प्राण. निपल दातांत धरायची, दोन्ही हात मोकळे सोडायची आणि बाटली हनुवटीखाली लोंबकळत ठेवून घरभर हिंडायची. खेळताना बाटली, झोपताना बाटली, रुसली की बाटली. सासूबाईंनी सुई तापवून निपलचं भोक मोठं करून ठेवलं होतं, म्हणजे बिस्किटं कालवलेलं दूधही सरसर यावं. पोरगी जेवत नाही म्हणून बाटली द्यायची आणि बाटलीने पोट भरलं म्हणून पोरगी जेवायची नाही, असं ते चक्र होतं. ते मला दिसत होतं. पण मलाही कामं होती, आणि बाटली दिली की घर शांत व्हायचं.

मग तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी रेघ दिसायला लागली. डॉक्टरांनी तिचा खालचा ओठ ओढून पाहिला, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेत वही न आणलेली मुलगी झाले. रक्त कमी होतं, दात किडायला लागले होते. ते म्हणाले, "बाटली बंद. दूध कपातून, आणि तेही आत्ता देता त्याच्या निम्मं. दोन महिन्यांनी बघू. तोवर हे थांबलं नाही, तर पुढचे चारही दात भूल देऊन काढायला वापीला पाठवावं लागेल."

भूल हा शब्द ऐकल्यावर मी घरी येईपर्यंत रिक्षात पोरीचं तोंड पुन्हा पुन्हा उघडून दात बघत होते.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माझी तिन्ही पोरं बाटलीवर वाढली. त्यांचे दात बघ." मी त्यांच्या मोठ्या मुलाचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, दात रोज बघत होते. ते मुद्दाम दाखवण्यासारखे नव्हते.

महिनाभर आम्ही काय काय केलं नाही! बारशाला आलेली चांदीची वाटी काढली. तिने ती पायाने उडवली. वापीहून दोन कानांचा, झाकणाला चोच असलेला प्लास्टिकचा कप आणला. त्याची चोच तिने चावून चावून चपटी केली आणि दूध थुंकून दिलं. स्टीलचा पेला, चमचा-वाटी, नळी, सगळं झालं. मी एका हाताने तिचं डोकं धरायची, दुसऱ्या हाताने कप तिच्या ओठाला टेकवायची, आणि ती ओठ असे मिटायची की जणू मी विष पाजते आहे. अर्ध्या तासाने मी रडकुंडीला यायची. तेवढ्यात सासूबाई मागच्या दाराने बाटली भरून आणायच्या. "उपाशी मारतेस का पोरीला?"

आता कोनाड्याचं सांगायला हवं.

आमच्या ओटल्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, दाराच्या डाव्या हाताला भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात वाडीवर कामाला येणाऱ्या बायांचे चहाचे कप असायचे. घरातल्या कपाचा कान तुटला किंवा कड उडाली की तो फेकायचा नाही, कोनाड्यात ठेवायचा. त्याची बाहेर बदली झाली असं समजायचं. एकदा बाहेर गेलेला कप पुन्हा आत यायचा नाही. दहा वाजता मी किटली घेऊन ओटल्यावर जायची. बाया आपापला कप घ्यायच्या आणि जमिनीवर ठेवायच्या. मी वरून, हातभर उंचीवरून, चहाची धार सोडायची, किटली कपाला लागू नये म्हणून. चहा पिऊन झाला की त्या कप नळावर धुवून पालथे घालायच्या, कोनाड्यात. सहा वर्षं मी हे रोज केलं. न सांडता धार धरण्यात माझा हात बसला होता आणि मला त्याचं कौतुकही वाटायचं, हे आज लिहिताना लाज वाटते.

वाणगावला आमच्याकडेही असेच पेले होते, जर्मनचे, गोठ्याच्या वळचणीला टांगलेले. लहानपणी मी आईला एकदा विचारलं होतं, ते पेले बाहेर का? आई म्हणाली, "गप्प बस." मी गप्प बसले ती पंचवीस वर्षं.

त्या दिवशी सकाळी नवरा घरात नव्हता. चिकूची गाडी गुजरातच्या हद्दीवर अच्छाडच्या नाक्यावर अडकली होती, म्हणून तो तिकडे गेला होता. सासूबाई देवळात गेल्या होत्या. बाया ओटल्यासमोर चिकू निवडत बसल्या होत्या. मोठा, मध्यम, बारीक असे ढीग पडत होते. त्यांच्यात तलासरीकडच्या एका पाड्यावरून येणारी एक बाई होती. माझ्या लग्नाच्या आधीपासून ती आमच्याकडे यायची. वयाने माझ्या आईएवढी. मी तिला नावाने हाक मारायची आणि ती मला शेठाणी म्हणायची. तिच्या बोलीत सगळ्यांना तू असतं, ते मात्र मला पहिल्यापासून आवडायचं.

चहा ओतून मी किटली ठेवायला वळले. परत बघते तर माझी पोरगी त्या बाईच्या मांडीला टेकून उभी, आणि तिच्या हातातला कप आपल्याकडे ओढते आहे. पांढरा कप, निळी वेल, कान तुटलेला.

माझ्या तोंडून निघालं, "अगं, तो नको! त्यातलं नको!"

बाईने कप झटकन जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात मागे घेतले. म्हणाली, "मी नाय दिला, शेठाणी. पोशीनंच ओढला."

दोन्ही हात मागे. एखादी वस्तू उचलताना पकडलं जावं तसे. त्या बाईने काय केलं होतं? काहीच नाही. एक लहान पोर जवळ आलं त्याला दूर लोटलं नव्हतं, एवढंच. आणि ओरडले होते कोण? सासूबाई नव्हे, मी. गरम चहा आहे, पोरगी भाजेल, म्हणून ओरडले असं मी नंतर नवऱ्याला सांगितलं. ते खोटं होतं.

मी अशी खांबासारखी उभी, आणि पोरगी खाली बसली. तिने कप दोन तळव्यांत धरला, उचलला आणि तळाशी उरलेला चहा पिऊन टाकला. दोन घोट. एक थेंब सांडला नाही. मग कप खाली ठेवून तिने वर बघितलं आणि म्हणाली, "आनखी."

मी आत धावले आणि दुधाचं भांडं घेऊन आले. कप बाईच्या पायाशी होता. मी ओतायला गेले तर हात आपोआप वर गेला, हातभर उंच. धार पडली, दूध उडालं, अर्धं जमिनीवर. बाई माझ्या हाताकडे बघत होती. मी हात खाली आणला. भांड्याची कड कपाच्या कडेला टेकवली आणि ओतलं. टक् असा आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो.

बाई म्हणाली, "एवढं नको. बुड झाकंल इतकंच." जास्तीचं तिने परत भांड्यात ओतायला लावलं. मग कपाच्या बुडाखाली दोन बोटं धरून तिने कप पोरीच्या समोर नेला आणि थांबली. तोंडाला लावला नाही. नुसती थांबली. तोंड पोरीने पुढे आणलं. दूध ओठाला लागलं, पोरगी प्यायली, बाईने कप मागे घेतला. पुन्हा समोर धरला, पुन्हा थांबली. महिनाभर मी कप पोरीच्या तोंडात कोंबत होते. ही बाई कप घेऊन नुसती वाट बघत होती.

सासूबाई देवळातून आल्या तेव्हा तिसरा कप चालला होता.

 त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तो कप तिच्या तोंडाला?"

"हो, आई. दूध प्यायली. कपातून. बाटलीशिवाय."

"त्या कपात त्या बाया पितात."

"धुवून ठेवतात."

"धुतला म्हणून काय झालं?"

"मग काय झालं ते तुम्ही सांगा."

 त्यांनी हातातली प्रसादाची पुडी फडताळात ठेवली आणि म्हणाल्या, "असतं काही काही." आमच्या घरात ज्याला उत्तर नाही त्याचं हे उत्तर आहे.

नवऱ्याने आपल्या परीने तोड काढली. वाईट माणूस नाही तो, फक्त भांडण दिसलं की बाजारात जातो. डहाणूच्या बाजारातून सहा कपांचा नवा सेट आणला, निळ्या वेलीचाच, आणि मागच्या पडवीत बसून पकडीने कपांचे कान तोडायला लागला. पहिले तीन कप फुटले. चौथ्याचा कान नीट निघाला. त्याची कड दगडावर घासून त्याने तो मोठ्या विजयाने पोरीपुढे ठेवला. पोरीने कपात वाकून बघितलं, कप पालथा घातला आणि त्यावर बसायला गेली. दूध काही प्यायली नाही. चार दिवस आम्ही घरात तो कप घेऊन तिच्या मागे फिरलो, आणि चार दिवस दुपारी बाटली भरली गेली.

पाचव्या दिवशी सासूबाई स्वतःच नमल्यासारख्या झाल्या. म्हणाल्या, "तोच कप हवा ना तिला? उकळत्या पाण्यात टाक आणि आण घरात. त्या बाईला मी दुसरा काढून देते." फडताळातून त्यांनी एक कड उडालेला कप काढलाही.

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पोरीचे दात वाचत होते, घरातलं भांडण मिटत होतं, आणखी काय हवं? मी ओटल्यावर गेले, कोनाड्यातून निळ्या वेलीचा कप उचलला, त्या जागी दुसरा ठेवला. आणि माझा हात तिथेच थांबला. कप उकळून आत येऊ शकत होता. त्यातून पिणारी बाई सहा वर्षं रोज सकाळी आंघोळ करून यायची आणि तिला उंबऱ्याच्या आत यायची सोय नव्हती. कपाला माफी मिळाली होती, तिला नाही. आणि ज्या बाईने माझ्या पोरीला प्यायला शिकवलं तिला मी बक्षीस काय देणार होते, तर कड उडालेला कप! माझं डोकं फिरलं. दुसरा शब्द नाही त्याला.

मी आतून मोठं ताट आणलं, कोनाड्यातले सगळे कप त्यात भरले आणि स्वयंपाकघरात नेले. घरातले सगळे कपही मोरीत काढले. सगळे एकत्र घासले, एकत्र विसळले आणि फडताळात एकत्र लावले, तुटके धड सगळे शेजारी शेजारी. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"यातला एकही कप मी तोंडाला लावणार नाही."

"तुमची मर्जी, आई."

"तुझ्या नवऱ्याला सांगते."

"सांगा. ते बाजारात जातील."

बोलले खरी, पण शेवटचा कप ठेवताना फडताळावर आपटला. भीती वाटत होती. पण भीतीपेक्षा बरंही वाटत होतं, आणि ते लपवायचं मला कारण दिसत नाही.

दहा वाजता मी ट्रेमध्ये कप मांडून, चहा ओतून बाहेर नेला. बाया बघत राहिल्या. मी थोडी घसा खाकरूनच म्हटलं, "आजपासून हेच कप. घरातले आणि तुमचे वेगळे नाहीत." आणि मी थांबले. कशासाठी थांबले होते, तर आभारासाठी. मनातल्या मनात मी स्वतःला हारसुद्धा घातला होता.

 सगळ्या त्या तलासरीच्या बाईकडे बघायला लागल्या. तिने ट्रेमधला कप उचलला, त्यातल्या चहाकडे बघितलं आणि विचारलं, "धुवायचं कोण?"

"मी धुवेन."

"नि च्या? आमच्या च्याला दूध नाय, तुमच्या च्याला दूध. कप एक नि च्या दोन?"

बाया खळाळून हसल्या. माझा चेहरा तापला. ते खरं होतं. बाहेर जाणारा चहा काळपट असायचा, दुधाचा नुसता रंग. मला राग आला, अगदी खरं सांगते. मनात आलं, एवढं केलं तरी हिला आणखी हवंच. मग आठवलं की हिने सहा वर्षं काहीही मागितलं नव्हतं, आणि मीही सहा वर्षं काहीही विचारलं नव्हतं.

दूध घरात होतं. बाटलीसाठी घेतलेलं. डॉक्टरांनी निम्मं करायला सांगितल्यावर ते रोज उरणारच होतं. दुसऱ्या दिवसापासून ते चहात गेलं. एकच पातेलं, एकच चहा. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि देवघरात गेल्या.

आणि माझी पोरगी? ती रोज दहा वाजता ओटल्यावर हजर. घरात कप पुढे केला की पळायची, बाहेर त्या बायांच्या गोलात बसली की दोन्ही हातांत कप धरून प्यायची. पुढे मला कळलं की तिला त्या कपाचं वेड नव्हतं. घरात आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत असायचो. बाहेर सगळ्या आपापला चहा पीत असायच्या, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसायचं. तिला त्यांच्यातली एक व्हायचं होतं. महिनाभराने ती घरातही कपातून प्यायला लागली, कुठल्याही कपातून, कान असलेल्या, नसलेल्या.

दुपारची बाटली मात्र तेवढ्यातही मधूनमधून चालू होती, हे मला उशिरा कळलं. ती तांदळाच्या डब्यात लपवलेली सापडली. मी ती घेऊन सासूबाईंसमोर उभी राहिले. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "मला ती माझ्याकडे यायला हवी असते. कप तुझा, कप त्या बाईचा. माझ्याकडे एवढंच होतं." मला वाईट वाटलं, आजही वाटतं. तरी मी ते निपल आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत टाकलं. रबराचा वास दुपारभर परसात होता.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा पापणी ओढली, ओठ ओढला. रक्त वाढलं होतं. तीन दात जागेवर राहणार होते. चौथा काळा झाला तो झालाच. हसली की तो अजून दिसतो. वापीला जावं लागलं नाही.

सासूबाईंनी आपला शब्द पाळला. फडताळातला कप त्यांनी आजवर तोंडाला लावलेला नाही. त्यांनी स्वतःसाठी एक स्टीलचा पेला आणला. तो आमच्या भांड्यांत घासायचा नाही, आमच्या कपांजवळ ठेवायचा नाही. मग ठेवायचा कुठे? त्या तो स्वतः नळावर धुतात आणि पालथा घालतात, ओटल्यावरच्या त्या रिकाम्या कोनाड्यात. मी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि करू नका असंही सांगितलं नाही. तलासरीच्या बाईने पहिल्यांदा तो तिथे बघितला, आपला रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला आणि ती चिकू निवडायला बसली.

२०१९ साल उजाडलं तेव्हा मुलगी तीन वर्षांची होत आली होती. एका सकाळी बाया चहा पीत होत्या, सासूबाई आपला पेला कोनाड्यात ठेवत होत्या, आणि मुलगी मध्येच उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "आजी, तुझा पेला बाहेर का?"

सगळ्यांचे कप तोंडाजवळ थांबले.

"असतं काही काही," सासूबाई म्हणाल्या.

"काही काही म्हणजे काय?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तिला आवरावं, असं ते बघणं होतं. माझ्या हातात किटली होती. मी तलासरीच्या बाईच्या कपात अजून थोडा चहा ओतला, किटली खाली ठेवली, आणि मुलीला गप्प बस म्हटलं नाही.